सहाव्या पानावरचे भिकनराव

भिकनराव पगारे सव्वीस वर्षे मेलेल्या माणसांवर जगत आले, असे त्यांची बायकोच म्हणते. नाशिकच्या एका दैनिकात ते सहाव्या पानावरचा ‘निधन’ हा रकाना लिहितात. कोण गेले, कुठल्या गावचे, पश्चात कोण, दहावा किती वाजता. संपादक आणि बातमीदार वरच्या मजल्यावर बसतात. भिकनरावांचे टेबल तळमजल्यावर, जिन्याखाली. पहिल्या पानावर मंत्र्याचे खाते चुकले तर कोणी फोनसुद्धा करत नाही, पण सहाव्या पानावर एखादा जावई सुटला की त्याचे अख्खे घर टेम्पो करून भांडायला येते. म्हणून भिकनराव प्रत्येक नाव दोनदा विचारतात, आणि छापण्याआधी शेजाऱ्याला फोन लावून तिसऱ्यांदा.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर युद्ध पेटले आणि वरच्या मजल्याने बाळसे धरले. पहिल्या पानावर रोज नकाशा, त्यावर लाल बाण. ज्या ललित या बातमीदाराला लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव धड विचारता येत नव्हता, तो तोफांचा पल्ला सांगू लागला. जिल्ह्यातला जवान गेला की ललित गाडी काढायचा. निघतानाच त्याची बातमी निम्मी लिहून झालेली असे. जवान शेवटच्या गोळीपर्यंत लढलेला असे, आणि खाली चौकटीत त्याची आई. ही आई हमखास म्हणे, ‘दुसरा मुलगाही देशाला देईन.’ नाव-गाव तेवढे बदलायचे. भिकनरावांना याची मनापासून चीड येई, पण जिन्याखालच्या माणसाची चीड वर ऐकू जात नाही.

एका दुपारी सायखेड्याकडच्या लताबाई निकाळे जिना उतरून त्यांच्या टेबलाशी आल्या. त्यांचा थोरला मुलगा संघर्ष आठवड्यापूर्वी गेला होता. तो सैन्यात रेशनचा ट्रक चालवायचा. गोळीबारात घाटातून ट्रक काढताना तो दरीत गेला. ललितने त्याला चौकी लढवायला लावले होते. लताबाईंची तक्रार त्याबद्दल नव्हती. तक्रार चौकटीबद्दल होती. तिच्यात त्यांनी धाकट्या रोहितला सैन्यात धाडायचा निर्धार केला होता.

त्या चौकटीने गावाला चेव चढला होता. सरपंचांनी रोहितचा फ्लेक्स लावला. पहाटे पाच वाजता गावची पोरे त्याला भरतीच्या सरावासाठी पळवायला दारात उभी राहत. रविवारी संघर्षच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृतासाठीच्या बौद्ध विधीचा, कार्यक्रम होता. त्यात रोहितला हार घालून भरतीच्या अकादमीत त्याचा प्रवेश जाहीर करायचे ठरले होते. रोहित सातपूरला कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याला जायचे नव्हते, पण चारचौघांत नाही म्हणायचा धीर नव्हता.

लताबाई आधी वर संपादकांकडे जाऊन आल्या होत्या. संपादकांनी हात जोडले, चहा पाजला आणि सांगितले, की आता माघार छापली तर सैन्याचे मनोधैर्य खचेल. पूर्ण पान फोटो मात्र देऊ म्हणाले.

“नाय म्हटलं तर भावाच्या नावाला बट्टा लागंल म्हणतो रोहित,” लताबाई म्हणाल्या. “एक गेला ना साहेब. ह्यो मला पाहिजे हाय. मी बोलले नाय ते माझ्या तोंडातून काढा.”

भिकनरावांनी सवयीप्रमाणे वही उघडली आणि विचारले, की मग तुम्ही त्या दिवशी बोललात काय.

“बूट बाहेर काढा म्हटलं. घरात लेकरू ठेवलेलं, अन् हे समदे बूट घालून आत. तेवढंच बोलले.”

भिकनरावांनी दोन शेजाऱ्यांना फोन लावला. दोघांनीही बुटांचेच सांगितले. मग ललितला विचारले. तो म्हणाला, काका, सगळ्याच माता तसे म्हणतात, आणि मला पाच वाजता बातमी पाठवायची होती.

शनिवारी सहाव्या पानावर आले: ‘सैन्यदलातील वाहनचालक संघर्ष निकाळे यांचे सीमेवर निधन झाले. त्यांच्या पश्चात आई लताबाई, भाऊ रोहित असा परिवार आहे. रोहित सातपूर येथे इलेक्ट्रिशियन असून तेच काम करणार आहेत. अंत्यदर्शनावेळी लताबाईंनी पत्रकारांना बूट बाहेर काढण्यास सांगितले. याखेरीज त्या काहीही बोलल्या नाहीत. पुण्यानुमोदन रविवारी सकाळी दहा वाजता.’

निधनाचा रकाना छापण्याआधी वरच्या मजल्यावर कोणी वाचत नाही. छापल्यावर मात्र आधी कोण गेले ते बघितल्याशिवाय जिल्ह्यात चहा घशाखाली उतरत नाही. रविवारी कार्यक्रम उघड्या मैदानात होता, तरी लोकांनी चपला-बूट मांडवाबाहेर ओळीने काढले. चॅनेलवाल्यांनीसुद्धा काढले. सरपंचांनी सगळ्यांकडे एकदा बघितले, खिशातला अकादमीचा कागद खिशातच ठेवला आणि वंदना झाल्यावर लोकांना जेवायला बसवले. सोमवारी रोहित पहिल्या पाळीला कामावर गेला.

त्याच सोमवारी संपादकांनी भिकनरावांना वर बोलावले. मृताचे नाव, गाव, नातेवाईक आणि विधीची वेळ. यापुढे निधनात याबाहेर एक शब्द दिसला तर घरी बसायचे. भिकनरावांना निवृत्तीला दोन वर्षे होती. ते बरं म्हणाले आणि खाली आले. त्या दिवशी त्यांना स्वतःची लाजच वाटली.

तीन आठवड्यांनी मनमाडकडच्या एका गावचा फकिरा नावाचा जवान गेला. ललितने पहिल्या पानावर अर्धे पान भरले, तोफा धडाडल्या, आणि चौकटीत फकिराची आई ठमाबाई म्हणाल्या, ‘दुसरा मुलगाही देशाला देईन.’ भिकनरावांनी नेहमीप्रमाणे पश्चात कोण हे विचारायला घरी फोन लावला. फकिराचे चुलते केरू यांनी उचलला. भिकनरावांनी एकच प्रश्न दोनदा विचारला, मग शेजाऱ्याला तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशीचे निधन अगदी नियमात होते. नाव, गाव, वेळ, आणि नात्याची एकच ओळ: ‘श्रीमती ठमाबाई यांचे ते एकुलते चिरंजीव होत.’