आईने घेतलेलं नाव

आमची शाळा इंग्रजांच्या काळातली. दगडी भिंती, उंच खिडक्या आणि हॉलमध्ये सागवानी पाटीवर आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं. आधी सगळी गोऱ्या साहेबांची, मग कुठे आपल्याकडच्यांची. साहेब कधीच गेले, पण फाटकाच्या आत मराठी बोललं की छडी, हा नियम काही गेला नाही. मला अजून त्याचा संताप येतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पाचवीत होते. धाकट्या बहिणीला तिथेच घालायचं होतं. आदल्या वर्षी तिला नकार मिळालेला आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. त्यात नव्या मुख्याध्यापकांनी टूम काढली, की आईला इंग्रजी यायला हवं! बाबा सातपूरच्या कारखान्यात फिटर, त्यांचं इंग्रजी जेमतेम निभायचं. आई घोटी गावची, सातवी शिकलेली. मग काय, ती पोळ्या लाटायची आणि मी तिच्याकडून वाक्यं घोटून घ्यायचे. "आय ॲम अ हाउसवाइफ." ती चुकली की मीच चिडायचे.

मुलाखतीला आम्ही चौघं गेलो. मुख्याध्यापक दक्षिणेकडचे, मराठीचा गंध नाही. बाबांना त्यांनी हातानेच गप्प बसवलं. आई मात्र काय बोलली! मुलं किती, घर कुठे, अभ्यास कोण घेतं, सगळं धडाधड. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युवर हसबंड्स नेम?"

आईने माझ्याकडे बघितलं.

हे आम्ही घोटलंच नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तिला ते नाव घेताना मी कधी ऐकलंच नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही तिची पक्की समजूत. हळदीकुंकवाला उखाणा घेतानासुद्धा नावाच्या जागी ती ओठातल्या ओठात पुटपुटायची.

त्यांनी पुन्हा विचारलं. आईने पदर सावरला, बाबांकडे बोट केलं आणि म्हणाली, "ही." म्हणजे इंग्रजीतलं.

"शी डझन्ट फॉलो," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

माझं डोकंच फिरलं. "सर, शी नोज!" मी ओरडले.

"क्वाएट!"

बाबा कळवळून म्हणाले, "अगं घे ना! काही होत नाही मला." फाटकाच्या आत, चक्क मराठीत.

आईने डोळे मिटले आणि नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे राव नाही की काही नाही. बाबांनी मान खाली घातली. बहिणीला प्रवेश मिळाला.

दुसऱ्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. दुपारी घरी यायचे, ते दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. आई रस्त्यावर जाऊन उभी राहिली, तोंड पांढरंफटक. "मीच घेतलं गं, मीच," एवढंच म्हणत होती.

शेवटी बाबा आले. बस बंद पडली म्हणून चालत. आईने भर रस्त्यात धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. आत धाकटी आरशापुढे मोठ्याने घोकत होती, "माय फादर्स नेम इज..." आई उंबऱ्यातच थबकली.

"म्हण बाई, तू खुशाल म्हण," ती म्हणाली. "मी मेले तरी आता पुन्हा नाही घेणार."