दादाने निवडलेली झांज
पितळेवर चिंच चोळल्याचा वास आला की मला ठाण्यातलं ते वाद्यांचं दुकान आठवतं. भावगीतांच्या कार्यक्रमात ड्रम वाजवायला माझ्याऐवजी धाकट्या भावाला बोलावलेलं. त्याला शिकवलेलं मी! "दादा, हळू गाण्यांना ड्रमवर लावायला कुठली झांज घेऊ रे?" त्याने त्या दुकानात विचारलं. पातळ झांज मऊ वाजते हे माहीत असूनही मी हळदीच्या नाचगाण्यातली जाड, कर्कश झांज त्याच्या हातात दिली. डोंबिवलीच्या कार्यक्रमात पठ्ठ्याने काठीला रुमाल गुंडाळला आणि तीच इतकी अलगद वाजवली की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. शेवटी माईकवर म्हणाला, "झांज माझ्या दादाने निवडून दिली." सगळ्यांनी वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पातळ झांज मी कार्यक्रमाआधीच त्या दुकानातून गुपचूप स्वतःसाठी आणलेली. ती अजून घासून लख्ख ठेवतो, पण वाजवायला हात धजत नाही.