अस्वलाची घंटा

त्या वर्षी जपानच्या डोंगरांत अस्वलं वारंवार दिसू लागली आणि आवाज ऐकून अस्वलं दूर राहावीत म्हणून ट्रेकर कमरेला अडकवतात त्या घंटा दुकानांतून संपल्या. टोकियोजवळच्या ग्योतोकुत माझ्या शेजारी राहणारे, माझ्याच बँकेतले एक सहकारी अस्वलांना फार घाबरत. पण साहेबांनी ठरवलेल्या ट्रेकला नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी ऑनलाइन पाचपट किंमत मोजून घंटा मागवली.

"ही लूट आहे," मी म्हणालो.

"लूट कसली? भाव चढला म्हणून तर माझ्यासाठी एक उरली. बाजार असाच चालतो."

पुण्याहून आलेल्या त्यांच्या आईंनी खोकं उघडलं. "काय रे हे?"

"अस्वलाची घंटा, आई."

"आणि त्याच्या गळ्यात बांधणार कोण? तू?"

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी बँकेतले आम्ही सहा जण जमलो. घंटा फक्त माझ्या या शेजाऱ्यांकडे होती. साहेबांनी ती कौतुकाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, "छान. मग तुम्ही सगळ्यांच्या पुढे चला."

शेजाऱ्यांनी तिथेच आपली घंटा फुकट देऊ केली. घ्यायला कोणीही तयार झालं नाही.