आपोआप बुजणारा तडा

लेखनाचा कोणताही अधिकार नसताना, तेही उतारवयात, हे धाडस करीत आहे; वाचकांनी क्षमा करावी.

माझे दोघे भाऊ कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. एकाचे शब्द, त्यांतले काटे काढून, दुसऱ्यापर्यंत पोहोचवीत त्या आमच्या थोरल्या वहिनी. आता भावांचे मनोमीलन झाले आहे. काल दोघे नव्या घराचा आराखडा पाहत बसले होते. देवघर, गच्ची, सारे ठरले होते. वहिनींना काय हवे, हे कोणी विचारले नव्हते.

धाकटा इंजिनिअर आहे. तो रंगात येऊन म्हणाला, "दादा, या नव्या प्रकारच्या काँक्रीटमध्ये जिवाणू निजलेले असतात. तडा गेला, पाणी आत शिरलं की जागे होऊन चुनखडी तयार करतात. तडा आपोआप बुजतो!"

"आणि मग त्यांचं काय होतं, भाऊजी?" कप उचलता उचलता वहिनींनी विचारले.

"काय व्हायचंय? त्याच चुनखडीत गाडले जातात. वहिनी, अजून अर्धा कप होईल का?"

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. दोघे भाऊ पुन्हा आराखड्यावर वाकले.

आपोआप बुजलेला तडा मी तरी अद्याप पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला आहे का?