रिकाम्या कॅनने माणूस मरतो का?

त्या रिकाम्या कॅनची केस आठवली की आजही हातातला घास हातातच राहतो. गडचांदूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीतून मुकादमाचा आमच्या ठाण्यात फोन आला. वरून पडलेला कॅन डोक्यात बसून मजूर जागीच ठार. मृत मजूर मुकादमाचाच धाकटा भाऊ होता.

तिथले मजूर पाण्याचे रिकामे प्लास्टिकचे कॅन भरण्यासाठी वरूनच खाली फेकायचे; उतरायचा कंटाळा. त्या दिवशी कॅन फेकणारा मृताचा जिवलग दोस्त होता. प्रेताजवळ आपला कॅन पाहून त्याने सगळं अंगावर घेतलं. "साहेब, माह्याच हातानं गेला तो. मले सजा द्या." कोठडीत दोन दिवस तो अन्नाला शिवला नाही.

मीही अक्कल पाजळली. उंची पंचेचाळीस मीटर, म्हणजे खाली वेग सेकंदाला तीस मीटर. माणूस मरणारच! माझ्या मुलीला फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडमना ते गणित मोठ्या ऐटीत दाखवलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही हवाच विसरलात."

मग पंचांसमोर तसाच पाव किलो वजनाचा रिकामा कॅन दहा वेळा वरून टाकला, मोबाइलवर चित्रीकरण केलं. जमिनीजवळ वेग जेमतेम दहा मीटर! मॅडमनी कागदावर मांडलं: हवा नसती तर कॅनजवळ एकशे दहा ज्यूल ऊर्जा असती, प्रत्यक्षात उरली साडेबारा. बाकीची हवेच्या विरोधाने काढून घेतली. तेच त्याचं ऋण कार्य.

"यानं टेंगूळ येईल. कवटी फुटणार नाही," त्या म्हणाल्या. पण शवविच्छेदन अहवालात कवटी फुटलेली होती.

प्रेताजवळ पहिला पोचला होता मुकादम. त्याला समोर बसवून नुसता व्हिडिओ दाखवला. तो ढसाढसा रडू लागला. "वळणाआडून ढिला दगड सब्बलीनं पाडला, साहेब. खाली आवाज नाई देल्ला मी." रक्त लागलेला दगड त्यानेच झुडपातून काढून दिला. कॅनही त्यानेच उचलून प्रेताजवळ ठेवला होता. अरे, सख्खा भाऊ गेला, आणि खापर त्याच्या दोस्तावर! एवढा मी नोकरीत कधी हादरलो नव्हतो.

कबुली मिळाली की तपास संपला, असं मानणं मी तेव्हापासून सोडलं.

सुटकेचा आदेश आल्यावर त्या दोस्ताला सगळं सांगितलं. तो मुकादमाच्या कोठडीसमोर जाऊन उभा राहिला. गज धरले. मग म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी तुमीच तं माह्ये डोळे पुसले होते न?"