पाळण्यात गेलेली वाकळ

२०२३ साल. मला शहात्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा जमेल तसं लिहितोय.

आमची ही दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या मुठीत वाकळीचं टोक धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. वाकळ तिनेच शिवलेली, आपल्या जुन्या लुगड्यांची.

गणपतीआधी घर झाडताना सुनेने ती धुतली आणि बाकीच्या कपड्यांबरोबर रत्नागिरीच्या त्या दुकानात देऊन आली. तिथे लोक जुनं आणून देतात, ज्याला हवं तो थोडक्या पैशांत नेतो, येईल त्यातून गरिबांची औषधं होतात. काम चांगलंच, पण वाकळ आमची. मुलाने मुंबईहून पाठवलेलं ब्लँकेट ही चाचपायची आणि ढकलून द्यायची. झोप नाहीच. सून म्हणाली, विरलेली होती, आजारी माणसाला बरी दिसत नव्हती. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

एसटीने दुकान गाठलं. माझी वस्तू मी विकत घेणार नाही, असं तिथल्या बाईंना उभ्या उभ्या सुनावलं.

"आजोबा, भांडायचंच तर आधी पाणी प्या," त्या म्हणाल्या.

मग सांगितलं, वाकळ कालच गेली. एक आजी तान्ह्या नातवासाठी घेऊन गेली. आमच्याकडे तान्ह्याला आधी नवं लावत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं, तेही भरल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं. त्या आजीने खोदून विचारलं होतं, कुणाची? सुनेने देताना सांगितलंच होतं, सासूबाईंची, सासरेही आहेत, नातवंडं आहेत.

"त्यांचं घर माहितीय मला. परत मागून बघू का?" बाईंनी विचारलं.

पाळण्यातलं काढून आणायचं?

"नको," मी म्हटलं. "पोराला लाभू दे."

त्यांनी दुसरी गोधडी पुढे केली, फुकट. घेतली नाही. हिला हात लावताच कळलं असतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. समजलं की नाही, कोण जाणे. नुसती माझ्याकडे बघत होती, मूठ उघडमीट करत होती. मी माझं बोट दिलं. थोडा वेळ धरलं, मग सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी दोन जुनी धोतरं पडवीत एकावर एक पसरली आणि हिचा सुईदोऱ्याचा डबा काढला. दोरा काही केल्या ओवेना. शेवटी उठलो, चुलीपाशी गेलो आणि सुनेपुढे सुई धरली.