चाई, कोंडा आणि कुसुमताईंचे ‘माहीत नाही’

मी कुसुमताईंसमोर पहिल्यांदा उभी राहिले ती भर मे महिन्यात, डोक्याला ओढणी घट्ट लपेटून. मुलुंडला त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात पुढच्या खोलीत त्यांचे पार्लर होते. एक खुर्ची, एक आरसा आणि बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका. माझा साखरपुडा ठरला होता आणि डाव्या कानामागे रुपयाएवढी चाई पडली होती. केस मुळासकट गायब, खाली गुळगुळीत कातडी. तिच्यावर गंगावन लावून घ्यायचे आणि मुलाकडच्यांना काही कळू द्यायचे नाही, असे ठरवून आई मला घेऊन आली होती.

ताईंनी ओढणी सोडवली, चाईवर बोट ठेवले आणि विचारले, “घरी पाणी कुठलं? नळाचं की बोअरचं?”

मी गोंधळले. तो गोंधळ आजतागायत पुरता निवळलेला नाही, हे या गौरवग्रंथात आधीच सांगून टाकलेले बरे. ताईंच्या साठीनिमित्त ‘ताईंची केस सांभाळण्याची पद्धत’ या विषयावर मी लिहावे, असे समितीने कळवले आहे. मी पुढे त्यांची विद्यार्थिनी झाले. त्यांच्या वर्गात शिकून आज घाटकोपरला स्वतःचे पार्लर चालवते. तेव्हा मला ती पद्धत ठाऊक असणारच, असा समितीचा समज दिसतो. समज चांगला आहे.

ताई एकीला सांगत, “कोमट खोबरेल चोळ, मुळांशी.” तिच्या मागच्या बाईंना म्हणत, “तेलाची बाटली कपाटात ठेवा, किल्ली नवऱ्याकडे द्या.” आम्ही वर्गातल्या मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत असू. मी एकदा धीर करून विचारले, “ताई, तेल लावायचं की नाही?” त्या म्हणाल्या, “कुणाच्या डोक्याला?” दुसऱ्या बाईंना तेलकट कोंडा होता आणि त्या त्याच्यावर रोज तेलाचे थर चढवत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळले. केस राठ झाले म्हणून शांपूवर शांपू बदलणाऱ्यांना त्या सांगत, की दोष सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा आहे, शेवटचे दोन तांबे तरी नळाचे घ्या. ओल्या केसांचा अंबाडा घालून ऑफिसला पळणाऱ्यांना मात्र त्या काहीच सांगत नसत. नुसत्या अंबाडा सोडून त्यांना पंख्याखाली बसवत. त्या बायका घड्याळाकडे बघत तडफडत असत.

ताईंना मी रागावलेले एकदाच पाहिले. शाळेतून उवा घेऊन आलेल्या एका पोरीच्या डोक्याला तिच्या आईने रॉकेल चोळले होते. “उवा मरतील गं, पण पोरगी स्टोव्हपाशी गेली तर?” ताई कडाडल्या. आई रडायला लागली. मग ताईंनी स्वतः त्या पोरीचे डोके धुतले आणि बारीक फणी घेऊन तिला मांडीशी घेऊन बसल्या. बाकावरच्या बायका ताटकळल्या, एकदोघी फणकाऱ्याने उठूनही गेल्या. फणीतल्या उवा नखावर मारायचे काम शिष्या या नात्याने माझ्याकडे आले.

हे झाले इतरांच्या डोक्यांचे. माझ्या डोक्याचे काय झाले, ते सांगते.

ताईंनी मला आधी कातडीच्या डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टर म्हणाले, केस बहुतेक परत येतील, काही सांगता येत नाही. त्यांनी इंजेक्शने सुरू केली. तोवर आई कांद्याचा रस चोळतच होती, शेजारच्या काकूंनी कुठला तरी पाला वाटून आणला होता. ताई म्हणाल्या, “रस नको, पाला नको. गंगावन लावीन मी. पण आधी मुलाला सांग.”

आई उसळली. “अहो, वाट लावाल माझ्या पोरीची! ठरलेलं मोडेल!”

“मोडायचं तर आज मोडू दे ना. नाहीतर लग्नानंतर रोज गंगावन काढताना हिनं दाराची कडी लावत बसायचं का?”

मला आईचेही पटत होते आणि ताईंचेही. शेवटी भीत भीत सुहासला बोलावले आणि चाई दाखवली. तो म्हणाला, “एवढंच ना? मला वाटलं, तू नाही म्हणायला बोलावलंस.” मी सुटकेचा श्वास घेते न घेते तोच पुढे म्हणाला, “पण आईला सांगायला लागेल.” माझा जीव पुन्हा टांगणीला.

सुहासच्या आई बोरिवलीहून आल्या त्या आमच्या घरी नव्हे, थेट ताईंच्या पार्लरमध्ये. आम्हा मायलेकींना तिथेच बोलावून घेतले. सुहासने सांगितलेले सगळे त्यांनी मनात घोळवलेले दिसत होते. त्यांनी माझे डोके पाहिले आणि ताईंना विचारले, “केस परत येतले मां?”

त्यांच्या पाठीमागून आई ताईंना हातवारे करत होती. हो म्हणा, हो म्हणा. ताईंनी ते नीट पाहिले. मग म्हणाल्या, “मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, बहुतेक येतील. मलाही तसंच वाटतं. पण येतीलच, असं मी सांगणार नाही.”

माझा साखरपुडा संपला, असे मी मनाशी धरून चालले. सुहासच्या आई उठल्या. पर्स आईच्या हातात दिली, अंबाड्याचे आकडे काढले आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

“माझ्या ह्या कोंड्याचा काय करूचा? सगळे म्हणतत, आठ दिवसांत जातलो. मेलो जायनाच.”

ताईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवत विचारले, “घरी पाणी कुठलं?” आई दुसऱ्याची पर्स उराशी धरून मटकन बाकावर बसली. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

साखरपुड्याला ताईंनी माझा साधा, सैल अंबाडा घातला, गंगावनाशिवाय. ओटी भरल्यावर सासूबाईंनी गजरा माळला, तो बरोबर चाई झाकेल असा. कानाशी पुटपुटल्या, “भायल्यांका कशाक दाखवूचा?” मग बाहेरच्यांपासून हे लपवणे झाले की नाही? मी ताईंकडे पाहिले. त्या दुसरा पेढा खात होत्या.

केस आले. आधी पांढरे, मऊ, मग काळे. आई म्हणते, कांद्याने आले. काकू म्हणतात, पाल्याने. डॉक्टर इंजेक्शनाचे नाव घेतात. ताईंना विचारले, तर म्हणाल्या, “आले ना? मग विंचर.” तेव्हा केस आणल्याबद्दल मी ताईंचा गौरव करू शकत नाही. ते आले नसते तरी मी सुहासच्याच घरात असते, आणि कडी न लावता असते. याबद्दल मी ताईंची जन्माची ऋणी आहे. माझ्या पार्लरमध्ये मात्र ‘माहीत नाही’ हे शब्द अजून माझ्या तोंडून निघत नाहीत. गिऱ्हाईक जाईल, अशी भीती वाटते. ताईंचे कसे वाढत गेले, कोण जाणे.

ताईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, ही माझ्यासारख्या त्यांच्या सगळ्या विद्यार्थिनींची प्रार्थना. सासूबाईंनीही आपली इच्छा आवर्जून लिहायला सांगितली आहे. त्यांचा कोंडा कमी झाला आहे, गेलेला नाही. दर महिन्याला त्या बोरिवलीहून मुलुंडला येतात आणि दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देत नाहीत. तेव्हा ताईंनी निदान त्यांच्याइतके तरी जगायलाच हवे, आणि सासूबाईंचा इतक्यात कुठे जायचा विचार नाही.